रेडिएशनच्या आधी दाताचा डॉक्टर

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर रेडिएशन सुरू झालं, की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रुग्णाचं तोंड येतं. पाण्याचा घोटही झोंबतो. आजार मोठा, तेव्हा एवढं सोसायलाच हवं, दातांचं नंतर पाहू, असं घरोघरी ठरतं. हा क्रम चुकीचा आहे आणि तो महागात पडतो. या उपचारात दातांची तपासणी रेडिएशनच्या आधी व्हायला हवी.

सहा-सात आठवड्यांत रोज थोडाथोडा करून 60 ते 70 ग्रे इतका डोस दिला जातो. तोंडाच्या आतलं नाजूक अस्तर सतत नव्याने तयार होत असतं. किरणं तेच थांबवतात, म्हणून व्रण पडतात. उपचार संपल्यावर बहुतेकांचे काही आठवड्यांत भरूनही येतात. लाळग्रंथी मात्र तितक्या सावरत नाहीत. तोंडातलं आम्ल धुऊन काढायचं आणि दातांना खनिजं पुरवायची, ही लाळेची कामं. लाळ आटली, की एरवी धडधाकट असलेले दातही हिरडीलगत किडू लागतात. मग दाढ काढायची वेळ येते आणि खरा धोका तिथे आहे. किरणांनी जबड्याच्या हाडाचा, विशेषतः खालच्या जबड्याचा, रक्तपुरवठा कमी झालेला असतो. जखम भरली नाही, तर हाड उघडं पडून मरू लागतं. वर्षं उलटली तरी हा धोका सरत नाही. वाचवता न येणारे दात रेडिएशनच्या साधारण दोन आठवडे आधी काढले, तर ती जखम निरोगी हाडात भरते. चांगले दात अर्थातच राखायचे.

दातांपायी कर्करोगाचा उपचार लांबवायचा का, हा आक्षेप रास्त आहे. लांबवायचा नाहीच. पण रेडिएशनच्या वेळी डोकं स्थिर ठेवणारा मास्क बनवणं, स्कॅन, डोसची आखणी यांत काही दिवस जातातच, आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर त्याच भुलीत दात काढता येतात. उलट तोंड फार येऊन उपचारात खंड पडला, तर त्याचा फायदा गाठीला मिळतो. दुसरा आक्षेप असा, की नव्या यंत्रांमुळे आता तोंड कोरडं पडतच नाही. ब्रिटनमधल्या ‘पार्स्पोर्ट’ चाचणीचे निष्कर्ष 2011 साली आले. लाळग्रंथी वाचवणाऱ्या नव्या पद्धतीने वर्षभरानंतर तोंडाला लक्षणीय कोरड असलेल्या रुग्णांचं प्रमाण 74 टक्क्यांवरून 38 टक्क्यांवर आलं. हा लाभ मोठाच आहे, पण उरलेले 38 टक्केही आपलेच रुग्ण आहेत.

आपल्याकडे ही निकड अधिक आहे. तंबाखू-मिश्रीने हिरड्या आधीच खराब झालेल्या असतात, गुटख्याने अनेकांचं तोंड पुरतं उघडत नाही. रेडिएशनने ते आणखी आखडतं, म्हणून तोंड उघडण्याचे व्यायाम सुरुवातीपासूनच हवेत. बाकी काळजी खर्चाची नाही: मऊ ब्रश, डॉक्टरांनी सांगितलेलं फ्लोराइड, मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या. अल्कोहोल असलेला, झोंबणारा माउथवॉश टाळावा. बेंझिडामिनच्या गुळण्यांनी तोंड येण्याची तीव्रता कमी होते, त्याबद्दल डॉक्टरांना विचारावं. रेडिएशनची तारीख ठरेल त्याच दिवशी दाताच्या डॉक्टरांची वेळ घ्या, आणि पुढे कधीही दात काढायचा झाला, तर आपलं रेडिएशन झालं आहे हे आधी सांगा.