मोटारीच्या पोटाखालची उष्णता

नवी मुंबईतील कळंबोली येथून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो. सुमारे ९४ किलोमीटर लांबीचा हा मार्ग २००२ मध्ये वाहतुकीस पूर्णपणे खुला झाला. खाडीकाठच्या सखल प्रदेशातून निघालेली मोटार प्रथम सपाट रस्त्यावरून वेगाने धावते. खोपोली मागे पडताच ती बोरघाट चढू लागते. घाटमाथ्यावरील लोणावळे समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे. ऐन वैशाखात ही चढण चढताना इंजिन किती तापत असेल! ही सारी उष्णता जाते तरी कोठे?

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी फार तर एक-तृतीयांश भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो. उरलेली उष्णता बाहेर टाकावी लागते. तिचा काही भाग पाण्यावाटे रेडिएटरकडे जातो, तर काही भाग धुराबरोबर निघून जातो. धुराची ही नळी मोटारीच्या पोटाखालून मागे जाते. धूर शुद्ध करणारे उपकरण याच नळीत बसविलेले असते व ते कित्येकशे अंश सेल्सिअसपर्यंत तापते.

पूर्वी मोटारीचे पोट उघडेच असे. त्यातील खाचखळग्यांत वारा अडखळे. मोटारीचा वेग दुप्पट झाला, की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो मोडून काढण्यात इंधन खर्ची पडते. म्हणून आता अनेक मोटारींच्या पोटाला खालून गुळगुळीत तक्ते बसवितात. त्यांमुळे वारा सुरळीत वाहतो, इंधन वाचते आणि चिखलापासून इंजिनाचे रक्षण होते. परंतु पोट झाकले, तर उष्णता कोंडणार नाही काय?

जुन्या घरांतील स्वयंपाकघराकडे पाहावे. भिंती व छप्पर पावसापासून रक्षण करीत. तरीही चुलीचा धूर बाहेर जाण्यासाठी झरोका ठेवलेला असे. मोटारीचे कारागीरही हेच धोरण ठेवतात. धुराची नळी ते एका लांबट पन्हळीत बसवितात व तिच्याखालचा भाग बहुधा उघडा सोडतात. तक्त्यांना जागोजागी फटी ठेवतात व त्यांची तोंडे मागच्या बाजूस वळवितात. धावत्या मोटारीखालून हवा वेगाने वाहत असल्यामुळे तेथील दाब कमी होतो. रेडिएटरमधून तापून आत आलेली हवा अधिक दाबाकडून कमी दाबाकडे, म्हणजे या फटींतून खाली, ओढली जाते आणि मागे निघून जाते. तापलेली नळी प्रारणानेही उष्णता फेकते. ती वरच्या फरशीपर्यंत पोहोचू नये म्हणून मध्ये ॲल्युमिनियमचा चकचकीत पत्रा बसवितात. आरसा जसा प्रकाश परतवितो, तसा हा पत्रा बरीचशी उष्णता परतवितो.

खरी कसोटी लागते ती मोटार थांबल्यावर. घाट चढून आलेली मोटार वाहनांच्या रांगेत उभी राहिली, की पोटाखालचा वारा थांबतो. अशा वेळी विजेचा पंखा रेडिएटरमधून हवा खेचू लागतो. इंजिन बंद केल्यावर तर पाण्याचे फिरणेही थांबते आणि बॉनेटखालील उष्णता काही काळ उलट वाढते. तापलेली हवा वर चढते व तिची जागा घेण्यासाठी खालच्या फटींतून गार हवा आत शिरते. त्या फटी चिखलाने बुजल्या असतील, तर हे अभिसरण मंदावते.

म्हणूनच पावसाळ्यानंतर मोटारीचे पोट तपासून घ्यावे. पाणी तुंबलेल्या रस्त्यांवरून जाताना तक्ते सैल होतात, चिंध्या व प्लास्टिकच्या पिशव्या त्यांत अडकतात. अशी पिशवी तापलेल्या नळीला लागली, तर वितळून चिकटते. तेलकट चिंधी तर पेटूही शकते. खडखडतो म्हणून उष्णतारोधक पत्राच काढून टाकणे हे तर स्वतः होऊन संकट ओढवून घेणे होय. त्याचप्रमाणे उन्हाळ्यात, दूरच्या प्रवासानंतर, मोटार वाळलेल्या गवतावर उभी करू नये. तक्ते कितीही चांगले असले, तरी गवत तापलेल्या नळीला टेकण्याची भीती असतेच.

विजेवर चालणाऱ्या मोटारीत धुराची नळी नसते, त्यामुळे तिचे पोट जवळजवळ संपूर्ण झाकता येते. तथापि तिची बॅटरीही तापते. पुष्कळ मोटारींत ती उष्णता द्रवाच्या साहाय्याने पुढील रेडिएटरपर्यंत न्यावी लागते. यंत्र कोणतेही असो, त्याला आच्छादन घालणाऱ्याने उष्णतेसाठी वाटही राखली पाहिजे.