नाम आणि वस्तू : 'आर' भाषेत सामग्री जतन न होण्याची कारणे

ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी रचलेली 'आर' ही संगणकभाषा संख्याशास्त्राप्रमाणेच भाषाविज्ञानातही रूढ झाली आहे. कित्येक तासांच्या गणनेनंतर सिद्ध झालेली सामग्री फाइलीत जतन झालीच नाही, अशी तक्रार अभ्यासकांकडून वारंवार ऐकू येते. या तक्रारीच्या मुळाशी भिन्न कारणे असू शकतात. त्यांचा उलगडा न करता गणना पुन्हा आरंभणे हा श्रमांचा अपव्यय होय.

पुष्कळदा फाइल निर्माण झालेली असते, परंतु ती अन्यत्र असते. पूर्ण मार्ग न देता केवळ नाव दिल्यास 'आर' ती फाइल त्या वेळच्या कार्यनिर्देशिकेत ठेवते. ही निर्देशिका कोणती, हे 'गेटडब्ल्यूडी' या आज्ञेने कळते.

दुसरे कारण नामासंबंधीचे आहे. 'सेव्ह' ही आज्ञा वस्तूबरोबर तिचे नामही जतन करते आणि 'लोड' ही आज्ञा त्याच नामाने वस्तू पुन्हा उभी करते. 'लोड'चे फलित मात्र वस्तू नसून नामांची यादी असते. हे फलित नव्या चलाला दिल्यास त्यात सहस्रावधी नोंदींऐवजी एखादाच शब्द आढळतो व सामग्री नष्ट झाल्याचा भास होतो. वस्तुतः ती मूळ नामाखाली शाबूत असते. त्या नामाची दुसरी वस्तू आधीच स्मृतीत असेल, तर तीच निमूटपणे पुसली जाते. म्हणून एकाच वस्तूच्या जतनासाठी 'सेव्हआरडीएस' व 'रीडआरडीएस' ही नामनिरपेक्ष जोडी अधिक सुरक्षित होय.

तिसरे कारण अधिक गूढ आहे. काही वस्तू म्हणजे 'आर'बाहेरील स्मृतीकडे निर्देश करणारे दर्शकच असतात. फाइलीत दर्शकाचे केवळ कवच जाते. दर्शित सामग्री जात नाही. नव्या सत्रात असा दर्शक रिकामा ठरतो. तेथे संबंधित आज्ञासंचाने पुरविलेली स्वतंत्र जतन-आज्ञाच वापरावी लागते.

शेवटी आवृत्तिभेदही विचारात घेतला पाहिजे. 2019 मधील 3.6.0 या आवृत्तीपासून जतनाचे तिसरे स्वरूप रूढ झाले, 3.5.0 पूर्वीच्या आवृत्तींना ते वाचता येत नाही. तेथे दुसरे स्वरूप स्पष्टपणे मागावे लागते.

दीर्घ गणनेपूर्वी लहान नमुना जतन करावा, नव्या सत्रात तो उघडावा आणि त्याची रचना व नोंदसंख्या पडताळून पाहावी. फाइल अस्तित्वात असणे हा सामग्री सुरक्षित असल्याचा पुरावा नव्हे.