बोलकं मूलही ऑटिस्टिक असू शकतं

ऑटिझम म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: कोपऱ्यात एकटं बसलेलं, हाक मारली तरी मान वर न करणारं, आपल्याच नादात असलेलं मूल. त्यातून दोन समजुती घट्ट झाल्या आहेत. पहिली अशी, की ऑटिस्टिक माणूस अंतर्मुखच असतो. दुसरी तिच्याच पोटातून आलेली: जे मूल पाहुण्यांशी भडाभडा बोलतं, अनोळखी माणसाकडेही न बुजता जातं, त्याला ऑटिझम असणं शक्यच नाही. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. त्यातली दुसरी जास्त नुकसान करते, कारण तिच्यामुळे मदतीची गरज असलेली मुलं तपासणीपर्यंत पोचतच नाहीत.

हे चित्र जुनं आहे. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये काम करणाऱ्या लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने १९४३ मध्ये ११ मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली आणि त्या मुलांचं टोकाचं एकटेपण वर्णनाच्या केंद्रस्थानी ठेवलं. पुढची अनेक वर्षं तेच ऑटिझमचं मुख्य लक्षण मानलं गेलं. ते नीट तपासलं लॉर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड या दोघींनी. लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या मुलांचा अभ्यास करून त्यांनी १९७९ मध्ये इतरांशी वागण्याच्या तीन तऱ्हा मांडल्या. काही मुलं अलिप्त राहतात. काही स्वतःहून जवळ जात नाहीत, पण कोणी आलं तर नाकारत नाहीत. तिसऱ्या गटातली मुलं मात्र आपणहून लोकांकडे जातात, फक्त त्यांची जाण्याची पद्धत वेगळी असते. सोसायटीच्या फाटकाशी उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला ‘तुमची गाडी कुठली? किती सीसीची? नंबर काय?’ असं विचारणारं, उत्तर मिळालं की पुन्हा पहिल्यापासून तेच विचारणारं आणि समोरचा निघाला तरी त्याच्या मागे चालत राहणारं मूल या तिसऱ्या गटात बसतं. त्याला माणसं हवी असतात. संभाषणात आपली पाळी कधी आणि समोरच्याची कधी, तो कंटाळला हे कशावरून ओळखायचं, हे मात्र इतर मुलांसारखं त्याला आपोआप उमगत नाही.

खरी गल्लत इथेच आहे. कार्ल युंगने १९२१ मध्ये अंतर्मुख आणि बहिर्मुख हे प्रकार मांडले, ते स्वभावाबद्दल. आज आपण ते शब्द वापरतो तेव्हाही माणसाला लोकांत उत्साह वाटतो की एकांतात विसावा मिळतो, हेच सांगत असतो. ऑटिझम हा स्वभाव नव्हे. मेंदूच्या जडणघडणीतला तो जन्मजात वेगळेपणा आहे. २०१३ मध्ये आलेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेतले त्याचे निकष म्हणजे सामाजिक देवाणघेवाणीतल्या अडचणी, आणि त्यांच्या जोडीला तेच ते करण्याची ओढ, ठरावीक विषयांचा तीव्र ध्यास, आवाज-उजेड-स्पर्श फार जास्त किंवा फार कमी जाणवणं. त्यात अंतर्मुखता कुठेही नाही. माणसांची ओढ किती हा एक प्रश्न, आणि माणसांशी जुळवून घेताना काय अडतं हा दुसरा. त्यामुळे ऑटिस्टिक अंतर्मुख असतात तसे ऑटिस्टिक बहिर्मुखही असतात. उलट बाजूने, केवळ गर्दी टाळणारा शांत माणूस ऑटिस्टिक ठरत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्यांमध्ये ऑटिस्टिक लोकांचे बहिर्मुखतेचे गुण सरासरीने कमी येतात. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्षही तोच आहे. तो मला मान्य आहे. पण सरासरीवरून समोरच्या एका माणसाबद्दल काहीच ठरत नाही. शिवाय मोजमापाची साधनंही एकमेकांत मिसळलेली आहेत. केंब्रिजच्या संशोधकांनी २००१ मध्ये तयार केलेल्या ५० विधानांच्या प्रसिद्ध प्रश्नावलीत पार्टीपेक्षा ग्रंथालय बरं वाटतं, अशा अर्थाचं एक विधान आहे. त्याला होकार दिला की ऑटिझमच्या बाजूने गुण पडतो. पुस्तकवेडा, पण ऑटिझमशी काही संबंध नसलेला माणूसही तिथे होकारच देईल. अंतर्मुखतेचे प्रश्न ऑटिझमच्या मापात आधीच घातले, तर दोन्ही एकत्र आढळले याचं आश्चर्य कशाला?

आणखी एक मत असं, की ऑटिस्टिक लोकांना मुळात माणसांची ओढच कमी असते. काहींना खरोखर एकांत प्रिय असतो आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. पण हे सगळ्यांना लावता येत नाही. बाउमिंगर आणि कसारी यांच्या २००० सालच्या अभ्यासात ऑटिस्टिक मुलांनी इतर मुलांपेक्षा जास्त एकाकीपणा सांगितला. ज्याला सोबत नकोच असते, तो सोबत नाही म्हणून झुरत नाही. दुरावा दुसऱ्या बाजूनेही येतो. सॅसन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ऑटिस्टिक प्रौढांच्या अगदी छोट्या चित्रफिती लोकांना दाखवल्या. काही क्षणांतच बघणाऱ्यांचं मत प्रतिकूल झालं आणि त्यांच्याशी बोलण्याची इच्छा कमी झाली. तेच बोलणं फक्त लिहून वाचायला दिलं, तेव्हा हा फरक उरला नाही. हातवारे, सूर, नजर यांवरून वारंवार झिडकारला गेलेला माणूस काही वर्षांनी घरात बसू लागला, तर त्याला जन्मतः अंतर्मुख म्हणणं अन्याय आहे.

आवाजाच्या त्रासाबद्दलही असाच गैरसमज होतो. गणपतीत नातेवाइकांनी भरलेल्या घरात सकाळभर बागडणारं मूल ढोल-ताशा सुरू होताच कान दाबून पलंगाखाली जातं. मोठी माणसं म्हणतात, ‘आत्ता तर एवढं बोलत होता, आता कसली नाटकं?’ मुलाला पाहुणे नकोसे झालेले नसतात, आवाज असह्य झालेला असतो. बहिर्मुख ऑटिस्टिक माणसाची कोंडी हीच, की त्याला लोक हवेत, पण लोकांसोबत येणारा गोंगाट सोसत नाही.

आपल्याकडे दिव्यांग प्रमाणपत्रासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘इसा’ या भारतीय मोजपट्टीत ४० मुद्दे आहेत. अलिप्त राहणं हा त्यातला फक्त एक. संभाषण पुढे नेता न येणं, पाळी न सांभाळणं, ऐकलेलंच पुन्हा बोलणं, काही संवेदना तीव्रपणे जाणवणं हेही त्यात येतं, आणि बोलक्या मुलात यांपैकी बरंच काही असू शकतं. म्हणून पालकांना आणि बालवाडीच्या ताईंना विनंती, की ‘तो सगळ्यांशी बोलतो’ एवढ्यावर शंका मिटवू नका. तो कशाबद्दल बोलतो, समोरच्याचं उत्तर ऐकून पुढचं बोलतो का, गर्दीतून घरी आल्यावर त्याचं काय होतं, हे आठवडाभर वहीत टिपून ठेवा आणि ती वही घेऊन बालविकासतज्ज्ञांकडे जा.