विशीतला सभासद

१९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंपाने उद्ध्वस्त होऊन नव्या जागी वसलेल्या किल्लारीत आज विशीत असलेला मुलगा मद्याच्या आहारी गेला, तर ‘लग्न झाले की सुटेल’ म्हणून घरचे त्याचा आजारच नाकारण्याचा संभव अधिक. १९३५ साली अमेरिकेत जन्मलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेची सभासदत्वाची अट मात्र एकच, दारू सोडण्याची इच्छा. तेथे फी वा दाखला मागण्याचा दस्तूर नाही, आडनावही सांगावे लागत नाही. तरीही तिथल्या बैठकीत पन्नाशीच्या मंडळींत संकोचून बसलेल्या पोराला ‘तू प्यायलास तरी किती?’ असे विचारणे मला अक्षम्य वाटते. ज्येष्ठाने त्याच्या हाती चहाचा कप द्यावा, ‘बोल बाळा’ म्हणावे, आणि मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकावे.