पुढची स्लाइड ठाऊक असलेला वर्ग

नॅकच्या अहवालासाठी प्रत्येक विभागाला विद्यार्थ्यांच्या दोन याद्या कराव्या लागतात, हे महाविद्यालयात शिकवणाऱ्या वाचकांना ठाऊक आहेच. एक ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स’ची, दुसरी ‘स्लो लर्नर्स’ची. पहिल्या यादीतल्या मुलांसाठी आपण काही विशेष केले, हे कागदावर दाखवावे लागते. आमचा शनिवारचा दीड तासाचा वर्ग सुरू झाला तो या कारणाने. नऊ विद्यार्थी, एक प्रोजेक्टर आणि मी. विषय मी हौसेने निवडला : फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’. गोव्यात मराठी शिकवायचे आणि १६१६ साली राचोलला छापलेल्या या ग्रंथाला टाळायचे, हे मला कधीच पटलेले नाही.

तयारी जय्यत होती. त्रेचाळीस स्लाइड. स्टीफन्सचे चरित्र, १५७९ मध्ये गोव्यात आगमन, १६१९ मध्ये मृत्यू, ग्रंथाचे दोन भाग, ओवीची रचना, भाषेची वैशिष्ट्ये. प्रत्येक मुद्द्यापुढे ठळक ठिपका. (शुद्ध मराठी शब्दांचा आग्रह धरणाऱ्यांची क्षमा मागून मी ‘स्लाइड’ आणि ‘पीपीटी’च म्हणते. वर्गात दुसरे कोणी काही म्हणत नाही.) तिसऱ्या शनिवारी पहिल्या बाकावरच्या पेडण्याच्या मुलीकडे माझे लक्ष गेले. वर्गातली सर्वांत वाचलेली मुलगी, आणि तिची वही मिटलेली. ‘लिहीत का नाहीस?’ असे विचारले, तेव्हा ती अगदी सरळपणे म्हणाली, “मॅडम, पीपीटी तुम्ही ग्रुपवर टाकणारच ना? आणि पुढच्या स्लाइडवर काय असेल ते कळतंच.”

उद्धटपणा त्यात काहीच नव्हता. म्हणूनच तो जास्त लागला. पंचवीसहून अधिक वर्षे शिकवल्यावर आपला तास पुढून ओळखता येतो, हे ऐकायला कुणालाही आवडणार नाही.

मग मी या साधनाविषयी थोडे वाचले. पॉवरपॉइंट १९८७ साली मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. ते मुळात व्यवसायाच्या बैठकांसाठी होते. समोरच्याला थोड्या वेळात पटवायचे, निर्णय घ्यायला लावायचे. शिक्षकाने ते उसने आणले, आणि ठिपक्यांची सवयही बरोबर आणली. अमेरिकेतील एडवर्ड टफ्टी यांनी २००३ मध्ये या सवयीवर एक तिखट निबंध लिहिला. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला कोलंबिया अंतराळयान परतताना कोसळून सात जण मृत्युमुखी पडले होते. यानाला झालेल्या इजेविषयी जी स्लाइड अधिकाऱ्यांना दाखवली गेली, तिच्यात धोक्याची गोष्ट खालच्या उपमुद्द्यांत दबून गेली होती, असे टफ्टींनी दाखवले आणि चौकशी मंडळानेही अहवालात त्याची दखल घेतली. आमच्या वर्गात कुणाच्या जिवावर बेतत नाही, हे खरे. पण ठिपक्यांची रांग वाक्यांमधले ‘म्हणून’, ‘परंतु’, ‘तरीही’ गिळून टाकते, ही गोष्ट साहित्याच्या शिक्षकाला तरी खटकायला हवी होती.

अधिक उपयोगी ठरली ती दुसरी दोन निरीक्षणे. रिचर्ड मायर या मानसशास्त्रज्ञाचे म्हणणे असे की, चित्र समोर असताना त्याचे तोंडी विवेचन चालू असेल, तर तेच विवेचन पडद्यावर अक्षरांतही उमटवल्याने शिकणे वाढत नाही, उलट अडते. याचे कारण आपल्याला अनुभवाने कळते. डोळे कानांच्या पुढे धावतात. मी पहिला मुद्दा वाचून दाखवते, तोवर चलाख मुलाने पाचही मुद्दे वाचलेले असतात आणि उरलेला वेळ तो माझी वाट पाहत बसतो.

दुसरे निरीक्षण जॉन स्वेलर आणि त्यांचे सहकारी यांचे. नवख्या विद्यार्थ्याला जो आधार उपकारक ठरतो, तोच जाणत्याला जाच होतो. नवख्याला टप्प्याटप्प्याने मांडलेले उत्तर हवे असते, कारण त्याची सगळी शक्ती धागे जोडण्यात जाते. जाणत्याच्या डोक्यात ते धागे आधीच जोडलेले असतात. तुम्ही पुन्हा जोडून दाखवलेत की त्याला आपली जोडणी तुमच्या जोडणीशी ताडून पाहण्याचे फुकटचे काम लागते. पेडण्याच्या मुलीची मिटलेली वही मला इथे समजली. ती आळशी नव्हती. मी तिच्यासाठी काही शिल्लकच ठेवले नव्हते.

त्यानंतरच्या शनिवारी त्रेचाळीसच्या सात स्लाइड केल्या. पहिलीवर एकही मराठी अक्षर नव्हते. जे. एल. साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला प्रसिद्ध केलेल्या रोमी लिपीतील आवृत्तीच्या एका पानाचे ते छायाचित्र होते. शीर्षक नाही, खाली ओळ नाही. ‘हे वाचा,’ एवढेच म्हटले आणि गप्प बसले. गप्प बसणे किती कठीण असते, ते शिक्षकांनाच विचारावे. दोन मिनिटे म्हणजे युग वाटते.

पहिल्या यादीतले नऊही जण अडखळले. देवनागरीत तीच ओवी त्यांनी चालीवर म्हटली असती. इथे शब्द कुठे तुटतो तेच कळेना. आणि मग दाराजवळून वाचनाचा आवाज आला. सासष्टीचा एक मुलगा, इतिहास विभागाचा. तो वर्गात नव्हताच. प्रोजेक्टरची वायर जोडून द्यायला त्याला बोलावले होते. आमच्या ऐच्छिक मराठीच्या तासाला देवनागरी वाचताना तो बोट ठेवून वाचतो, म्हणून दुसऱ्या यादीत त्याचे नाव मीच घातले होते. घरात आणि चर्चमध्ये तो लहानपणापासून रोमी कोंकणी वाचत आलेला. त्यामुळे ‘एक्स’ दिसला की श, दुहेरी ‘एन’ दिसला की ण, हे त्याला कुणी शिकवावे लागत नव्हते. तो अडला तो फक्त एका ठिकाणी : ‘क्यू’, पुढे ‘यू’, पुढे ‘आय’. क्षणभर थांबला आणि हसून म्हणाला, “टीचर, हो केप्याचो क्यू!” केप्याच्या बसवरची इंग्रजी पाटी त्याने रोज पाहिली होती. ‘कि’ लिहायची ती पोर्तुगीज तऱ्हा.

त्यानंतर वर्ग माझ्या हातात राहिला नाही, आणि ते चांगलेच झाले. पेडण्याच्या मुलीने उठून पडद्याजवळ जाऊन एका दुहेरी ‘एल’वर बोट ठेवले. “हा ळ आहे, असं तो म्हणतोय. पण ल्ल का नाही?” मुलगा म्हणाला, आम्ही ळ असाच लिहितो. ती म्हणाली, पण मग ल्ल कसा लिहिणार? त्याच्याकडे उत्तर नव्हते. माझ्याकडेही तयार उत्तर नव्हते, आणि मुख्य म्हणजे पुढच्या स्लाइडवरही ते नव्हते. दुसऱ्या स्लाइडवर मी शांताराम बंडेलू यांच्या १९५६ च्या देवनागरी आवृत्तीतील तोच भाग ठेवला होता. तो दाखवल्यावर ती म्हणाली, “म्हणजे देवनागरी करणाऱ्यानं प्रत्येक ठिकाणी ठरवलंय.” लिप्यंतर हाही एक अर्थ लावण्याचाच प्रकार आहे, हे वाक्य माझ्या जुन्या संचात एकतिसाव्या स्लाइडवर ठिपक्यासह होते. तेव्हा कुणी मान वर करून पाहिले नव्हते.

तिसरी स्लाइड कोरी, काळी. स्लाइड चालू असताना कळफलकावरचे ‘बी’ हे अक्षर दाबले तरी पडदा काळा होतो. पुन्हा दाबले की चित्र परत येते. पॉवरपॉइंटमधली मला सर्वांत उपयोगी वाटलेली सोय हीच. उजळलेला पडदा असताना मुले एकमेकांकडे पाहत नाहीत, पडद्याकडे पाहतात. वाद रंगवायचा असेल तर आधी तो विझवावा. काळ्या पडद्यासमोर प्रश्न निघाला की, मूळ ग्रंथ स्टीफन्सने कोणत्या लिपीत लिहिला असेल? छापताना देवनागरी खिळे हाताशी नव्हते, म्हणून रोमी. इथवर सगळे पोचले. मग मी चौथी स्लाइड उघडली. लंडनच्या सोअस ग्रंथालयातील मार्सडेन संग्रहात या ग्रंथाचे देवनागरी हस्तलिखित आहे, एवढी एका वाक्याची माहिती. ही माहिती आधी सांगितली असती तर ती नोंद झाली असती. वादाच्या मध्ये आली म्हणून ती पुरावा झाली, आणि दोन्ही पक्षांनी तिच्यावर हक्क सांगितला.

हुशार मुलांसाठी स्लाइड करताना मी आता एवढे पाहते की, पडद्यावर वस्तू असावी, निष्कर्ष नसावा. हस्तलिखिताचे पान, दोन आवृत्त्यांतले पाठभेद शेजारी-शेजारी, नकाशा, मोडीतले एखादे पत्र. म्हणजे जे मला बोलून दाखवता येत नाही ते. जे बोलता येते ते मी बोलते. लिहायचेच असेल तर मुद्दा न लिहिता पूर्ण वाक्य लिहावे, ज्याच्याशी असहमत होता येईल. ‘भाषेची वैशिष्ट्ये’ या शीर्षकाशी कोण भांडणार? मुलांना सादरीकरण करायला सांगते तेव्हाही एकच स्लाइड आणि तिच्यावर एकच विधान, हीच अट असते. पहिल्यांदा ती रुसतात. सजावटीला वाव राहत नाही ना. संच ग्रुपवर टाकायचा तो तास संपल्यावरच.

देवनागरीच्या काही अडचणी इंग्रजीतल्या मार्गदर्शक पुस्तकांत सापडत नाहीत, म्हणून इथे नोंदवते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टंकलेली व्याख्याने दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा नुसता चिवडा होतो. माझी दहा वर्षांची टिपणे अशीच गेली. युनिकोडमध्ये टंकावे आणि संच पीडीएफ करूनही जवळ ठेवावा. संगणकासोबत येणाऱ्या पुष्कळ फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे असतात. पाठभेद दाखवताना वळणदेखील पुरावा असते, तेव्हा मराठी वळणाचा फॉन्ट शोधावा. ‘तऱ्हा’, ‘वाऱ्या’मधला र नीट उमटतो की नाही, ते आधी पाहावे. ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. आणि मागच्या बाकावर स्वतः जाऊन बसून वाचून पाहावे. चष्मा काढून.

मात्र जुना त्रेचाळीसचा संच मी पुसून टाकलेला नाही. नियमित वर्गात साठ मुले असतात आणि त्यांतल्या निम्म्यांना ओवी म्हणजे काय इथून सुरुवात हवी असते. त्यांच्यासाठी क्रमाने मांडलेले मुद्दे हवेतच. मी ते आता छापील कागदावर देते आणि पडदा मोकळा ठेवते. एकाच वर्गात दोन्ही तऱ्हेची मुले असतात, याचे उत्तर एकाच स्लाइडवर शोधायला गेले की दोघांचेही नुकसान होते. आणि ओवी कानाने घ्यायची असते, तेव्हा प्रोजेक्टर लावूच नये. पडद्यावर ओळी असल्या की मुले चरण मोजतात, ऐकत नाहीत. त्या तासाला मी पडदा गुंडाळूनच ठेवते.

सासष्टीचा मुलगा पुढच्या शनिवारपासून वर्गात बसू लागला. वर्षअखेरीस याद्या भरताना त्याचे नाव कुठे घालावे, म्हणून मी विभागप्रमुखांना विचारले. ते म्हणाले, एक नाव दोन्ही याद्यांत चालणार नाही, फॉर्म तसा नाही. शेवटी दुसऱ्या यादीतून ते काढले. पेडण्याच्या मुलीची वही आता उघडी असते. दुहेरी ‘एल’चे जे शब्द दोन्ही प्रकारे वाचता येतील, ते ती त्याच्याकडून वाचून घेऊन वहीत उतरवते. मागच्या आठवड्यात त्या यादीत एकशे बारा शब्द झाले होते, आणि त्यांतल्या सतरांवर दोघांचे अजून जमलेले नाही.