खेळाचें नियामक मंडळ : नॉर्वेच्या हँडबॉलची हकीकत



लहानपणीं विटीदांडू खेळलेल्या प्रत्येकाला एक अनुभव असतो. एका आळीचे नियम दुसऱ्या आळींत चालत नाहींत. बाहेरचा मुलगा खेळावयास आला कीं डावापूर्वीं अर्धा तास वाद होतो, आणि शेवटीं ज्याची विटी त्याचा नियम, असा निकाल लागतो. हा वाद मिटविण्यासाठींच खेळाचें नियामक मंडळ जन्माला येतें. परंतु मंडळ झालें म्हणजे दुसरा, अधिक अवघड प्रश्न उभा राहतो. त्याचा हुकूम खेळाडूंनीं कां मानावा ? नॉर्वे देशाच्या हँडबॉल महासंघाच्या इतिहासांत या प्रश्नाचें उत्तर स्पष्ट दिसतें. म्हणून आज त्याची हकीकत आपणांस सांगावयाची आहे.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून घेऊं. हँडबॉलचें क्रीडांगण ४० मीटर लांब व २० मीटर रुंद असतें. प्रत्येक बाजूस गोलरक्षकासह सात खेळाडू. चेंडू हातानें झेलावयाचा, हातानेंच फेंकावयाचा आणि ३ मीटर रुंद व २ मीटर उंच अशा गोलांत मारावयाचा. चेंडू हातीं धरून तीन पावलांहून अधिक चालतां येत नाहीं, व तीन सेकंदांहून अधिक काळ तो नुसता धरून ठेवतां येत नाहीं. गोलापासून सहा मीटरांवर एक रेषा असते. तिच्या आंत गोलरक्षकाखेरीज कोणाचा पाय पडतां कामा नये. म्हणून चढाई करणारा खेळाडू रेषेबाहेरून उंच उडी घेतो आणि पाय जमिनीस टेंकण्यापूर्वींच चेंडू सोडतो. प्रत्येकीं तीस मिनिटांचे दोन डाव मिळून सामना पुरा होतो.

या खेळाच्या जनकांपैकीं एक माझ्याच व्यवसायाचे, म्हणजे शाळामास्तर होते, हें सांगतांना मला थोडा अभिमान वाटतो. डेन्मार्कमधील ऑर्ड्रुप येथील शिक्षक होल्गर नील्सन यांनीं १९०६ सालीं हँडबॉलचे नियम छापून प्रसिद्ध केले. पुढें जर्मनींत १९१७ नंतर उघड्या मैदानावर अकरा-अकरा गडी घेऊन खेळावयाचा प्रकार वाढला. म्हणजे नांव एक आणि खेळ दोन ! आळीआळींतला तोच वाद आतां देशादेशांत आला. अशा काळांत, १८ मे १९३७ रोजीं, नॉर्वेच्या महासंघाची स्थापना झाली.

या बालसंस्थेस तीन वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं, तोंच एप्रिल १९४० मध्यें जर्मन सैन्यानें नॉर्वेवर स्वारी केली. त्याच वर्षाच्या अखेरीस नव्या सत्ताधाऱ्यांनीं देशांतील सर्व क्रीडासंस्था एका सरकारी खात्याच्या हुकमतीखालीं आणिल्या. तेव्हां निवडून आलेल्या पुढाऱ्यांनीं राजीनामे दिले, आणि खेळाडूंनीं स्पर्धांतून अंग काढून घेतलें. कचेऱ्या होत्या, अधिकारी होते, नियमांचीं पुस्तकें होतीं. नव्हते फक्त खेळाडू आणि प्रेक्षक. ज्यांना खेळावांचून चैन पडेना, ते रानावनांत चोरून सामने भरवीत. आपल्या परिचयाचा शब्द वापरावयाचा तर हा असहकारच होता, आणि तो १९४५ मध्यें देश मुक्त होईपर्यंत टिकला. खेळाडूंची संमति गेली म्हणजे मंडळाचें काय उरतें, हें त्या पांच वर्षांत दिसून आलें.

युद्ध संपल्यावर १९४६ च्या जुलै महिन्यांत आठ देशांच्या प्रतिनिधींनीं कोपनहेगन येथें आंतरराष्ट्रीय हँडबॉल महासंघ स्थापन केला. त्या आठांत नॉर्वे होता. देशांत महासंघाचा कारभार कसा चालतो, तेंही पाहण्यासारखें आहे. दर दोन वर्षांनीं क्लबांच्या व प्रांतिक शाखांच्या प्रतिनिधींची सभा भरते. तिला ते ' टिंग ' म्हणतात. नॉर्वेच्या पार्लमेंटच्या नांवांतही हाच जुना शब्द आहे. ही सभाच अध्यक्ष निवडते आणि कार्यकारी मंडळाकडून हिशेब घेते. पंचांचें शिक्षण, स्पर्धांची आखणी, राष्ट्रीय संघाची निवड हीं सारीं कामें या अधिकारावर उभीं आहेत. तेथील हँडबॉलपटूंत मुली व स्त्रिया यांची संख्या अधिक आहे. त्यांच्या राष्ट्रीय संघानें १९९९ मध्यें प्रथम जगज्जेतेपद, आणि २००८ मध्यें प्रथम ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविलें.

या स्त्री-खेळाडूंच्याच बाबतींत २०२१ सालीं महासंघाच्या कसोटीचा प्रसंग आला. हँडबॉलचा एक प्रकार समुद्रकांठच्या वाळूवर खेळतात. त्यांत पुरुषांना चड्डी घालण्याची मोकळीक होती. स्त्रियांना मात्र बिकिनीच घातली पाहिजे आणि तिची बाजूची पट्टी दहा सेंटिमीटरांहून रुंद असतां कामा नये, असा आंतरराष्ट्रीय नियम होता. हा नियम बदलावा, अशी रीतसर मागणी नॉर्वेच्या महासंघानें आधींच केली होती. जुलै महिन्यांत बल्गेरियांतील वार्ना येथें युरोपीय स्पर्धा भरली. तेथें कांस्यपदकाच्या सामन्यास नॉर्वेच्या मुली आंखूड चड्ड्या घालून उतरल्या. त्यांना युरोपीय महासंघानें एकंदर १५०० युरो दंड केला.

येथें राष्ट्रीय मंडळाला दोन वाटा मोकळ्या होत्या. नियमाकडे बोट दाखवून मुलींस दटावणें ही एक, व दंड नाकारून भांडण वाढविणें ही दुसरी. त्यानें दोन्ही सोडल्या. दंड आम्ही भरूं, पण आमच्या मुलींच्या पाठीशीं उभे राहूं, असें त्यानें जाहीर केलें. अन्यायाचा नियम उघडपणें मोडावा आणि शिक्षा मात्र मुकाट्यानें सोसावी, ही रीत आपणांस कांहीं नवी नाहीं. या भूमिकेचा परिणाम झाला. जगभर चर्चा सुरू झाली. नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड व आइसलंड या पांच देशांच्या मंत्र्यांनीं नियम बदलण्याची मागणी केली. आणि १ जानेवारी १९२२ च्या बरोबर शंभर वर्षांनंतर, म्हणजे २०२२ च्या पहिल्या दिवसापासून, स्त्रियांना अंगाबरोबर बसणारी आंखूड चड्डी घालण्याचा नियम अमलांत आला.

पुरुषांच्या व स्त्रियांच्या पोशाखांतील सगळा भेद यानें मिटला, असें नव्हे. पण एक गोष्ट सिद्ध झाली. राष्ट्रीय मंडळ हें वरून आलेले हुकूम खालीं पोंचविणारें टपालखातें नव्हे. खालचें गाऱ्हाणें वर नेणें हेंही त्याचेंच काम आहे, किंबहुना तें अधिक कठीण काम आहे. जें मंडळ तें करतें, त्याच्या शिट्टीला खेळाडू थांबतो. जें करीत नाहीं, त्याच्या हातीं १९४० सालच्या त्या ओस क्रीडांगणांसारखें मोकळें मैदान उरतें.

आपल्या घरांतील मुलगा वा मुलगी उद्यां एखाद्या खेळाच्या संघांत जाईल. तेव्हां संघाचीं पदकें किती, हें आपण विचारूंच. पण तेथें खेळाडूचें म्हणणें कोण ऐकतो, हेंही अवश्य विचारावें, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.