गॅस्ट्रोपब : पब तोच, स्वयंपाकघर नवं

बिअर आणि गप्पांचा अड्डा कायम. सोबत रेस्तराँच्या तोडीचं ताजं जेवण.

• सुरुवात : ‘द ईगल’, फॅरिंगडन रोड, लंडन; १९९१.

• गावाकडचा नमुना : केंटच्या किनाऱ्यावर, सीसॉल्टरचा ‘द स्पोर्ट्समन’. १९९९पासून स्टीफन हॅरिस यांच्याकडे. लोणी घरचंच. मीठसुद्धा समुद्राच्या पाण्यापासून तिथेच बनतं!

• मान : दोन मिशेलिन तारे मिळवणारा पहिला पब मार्लोचा ‘द हँड अँड फ्लॉवर्स’. शेफ टॉम केरिज.

• हंगाम : ॲस्परॅगसचे कोंब परंपरेने २३ एप्रिल ते २१ जून. स्थानिक जातीची कालवं सप्टेंबर ते एप्रिल. ग्राउस या रानपक्ष्याची शिकार १२ ऑगस्टपासून, त्याआधी ताजा ग्राउस मिळत नाही.

• रिवाज : ऑर्डर अनेक ठिकाणी काउंटरवरच. रविवारच्या रोस्टसाठी टेबल आधी राखून ठेवावं.